आवाज कुठून येतोय

पहाटे पावणेसहाला शहाडच्या उड्डाणपुलाखाली आम्ही जमतो, तेव्हा कोणी गुड मॉर्निंग वगैरे म्हणत नाही. पहिलं वाक्य असतं, "आज कोणाची?" म्हणजे आज कोणाची सायकल रडतेय. पाच सायकली असतील तर एक तरी रडत असतेच. कोणाचा गिअर तिसऱ्यावर टाकला की चौथ्यावर जातो, कोणाचा डिस्क ब्रेक पहिल्या किलोमीटरला म्हशीसारखा हंबरतो, कोणाच्या पुढच्या चाकाचा आऊट काढून आठवडा झालेला नसतो तोवर म्हारळच्या खड्ड्याने तो परत घातलेला असतो.

आमच्यात नावाने कोणी कोणाला हाक मारत नाही. एक आहे 'सरकार', कारण तो सरकारी नोकरीत आहे आणि चढावर फाइलीसारखा सरकतो. एक 'एमबीबीएस'. डॉक्टर नाही, औषधांच्या दुकानात हिशेब बघतो, पण गुडघ्यापासून ॲसिडिटीपर्यंत सगळ्यांना सल्ला देतो. उल्हासनगरचा एक आहे तो 'यूएसए'. शहाडच्या पलीकडच्या कोणालाही हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. माझं नाव 'गॅरेज'. माझ्या सॅडलखालच्या पिशवीत दोन ट्यूब, पॅच, चेनटूल, ॲलन की, झिप टाय आणि दहाची एक नोट असते. नोट चहासाठी नाही. टायरची कड फाटली तर ती घडी करून आतून लावायची, ट्यूब बाहेर डोकावत नाही आणि घरापर्यंत पोचता येतं. चॉकलेटचा कागदही चालतो, पण आमच्यातला कोणीतरी आतलं चॉकलेट आधीच संपवतो आणि कागद फेकून देतो.

आणि एक 'काका'. त्यांचं टोपणनाव काका एवढंच. ते खरंच काका होते, अठ्ठावन्न वर्षांचे. गोष्ट त्यांचीच आहे, पण ती सांगायची तर आधी माझ्या बाबांची सांगावी लागेल.

बाबा शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये फिटर होते. तीस वर्षं काळ्या ॲटलासवर कामाला गेले, तिन्ही पाळ्या. ती सायकल अजून जिन्याखाली आहे. मागच्या कॅरिअरवर बसून मी शाळेत गेलोय, आषाढीला बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या रांगेत गेलोय, आणि एकदा डबल सीटचा नियम मोडून आई आणि मी दोघंही गेलोय. २०२० साली लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच सायकलचं वेड लागलं तेव्हा मलाही लागलं. गंमत बघा, त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनाला, ॲटलासने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना बंद केला. बातमी मी बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, खाली जाऊन सायकल पुसून आले. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली तेव्हाही ते असेच दिवसभर काहीतरी पुसत होते. त्यांचे अर्धे मित्र तिथे होते.

काही महिन्यांनी मी माझी रोडबाइक घरी आणली. बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"स्टँड कुठाय?"

"नसतो बाबा."

"कॅरिअर?"

"नसतं."

"मडगार्ड? घंटी? चेनकव्हर?"

मी मान हलवत राहिलो.

"म्हणजे अर्धी सायकल. पैसे पूर्ण दिलेस?"

किती दिले ते मी आजतागायत खरं सांगितलेलं नाही. जो आकडा सांगितला त्याच्या तिप्पट आहे. हे वाचून कोणी त्यांना सांगू नका.

स्टेशनकडच्या पंक्चरवाल्या चाचांचीही तीच गत. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वॉल्व्हकडे असं बघितलं की जणू मी सुई घुसवून आणलीय. "ह्याच्यात हवा कुठून जाते?" प्रेस्टा वॉल्व्ह असतो तो, बारीक, टोकाला स्क्रू. त्याला पितळेचा इवलासा अडॅप्टर लावला की साधा पंपही चालतो. चाचांनी दोन अडॅप्टर मागवून पेटीत ठेवले. आता ते आमच्यापेक्षा जास्त तोऱ्यात पोरांना सांगतात, "नव्वदच्या खाली चालवू नकोस, साप चावेल." साप चावणं म्हणजे खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, ते. पण आमच्या रस्त्यावर खरा शत्रू खड्डा नाही, तार. ट्रकचा टायर फुटला की त्याच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे तुकडे रस्त्याच्या कडेला पडून राहतात, आणि सायकलवाले बिचारे कडेनेच जातात. कल्याण ते मुरबाड हा राष्ट्रीय महामार्ग ६१. पुढे माळशेज, नगर, परभणी, नांदेड करत तेलंगणात निर्मलला जातो. एवढ्या लांबच्या ट्रकांच्या तारा आमच्या टायरमध्ये यायच्या. तार डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवलं तर बोटात जाते. टायरच्या आतून कापूस फिरवायचा, जिथे अडकेल तिथे तार. हे न करता नवी ट्यूब टाकली तर दहा मिनिटांनी परत फुस्स. सरकारने हे एकाच राइडमध्ये तीनदा केलं होतं. तिसऱ्यांदा त्याने गोवेली नाक्यावर सायकल आडवी टाकली आणि जाहीर केलं की तो आता इथेच घर घेणार.

काका आमच्यात आले ते असेच, एका पंक्चरमुळे. रायत्याच्या पुलाच्या अलीकडे एक उंच गृहस्थ सायकल उलटी करून तिच्याकडे हताशपणे बघत उभे होते. आम्ही थांबलो, ट्यूब बदलली. त्यांनी समोरच्या टपरीवर सगळ्यांना चहा पाजला आणि विचारलं, "पोरांनो, उद्या किती वाजता?"

पोस्टातून निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. सायकल सेकंडहँड घेतलेली, ॲल्युमिनियमची, आकाशी रंगाची, दिसायला देखणी. काकांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. साठ पूर्ण व्हायच्या आत २०० किलोमीटरची बीआरएम करायची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: बीआरएम ही शर्यत नसते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची, पहिला आणि शेवटचा दोघांनाही तेच मेडल. थांबणं, जेवणं, पंक्चर, सगळं धरून ताशी जेमतेम पंधराचा वेग पुरतो. काकांना हा हिशेब फार आवडायचा. "पोस्टमनचाच वेग रे हा," म्हणायचे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम जोडीने पुरी केली, त्याचं कात्रण त्यांच्या पाकिटात होतं. चहाला पैसे काढताना दर वेळी ते बाहेर यायचं आणि दर वेळी आम्हाला दाखवलं जायचं. एमबीबीएस म्हणायचा, "काका, ते दोघं डॉक्टर होते. तुमच्याबरोबर मी आहे. रिस्क समजून घ्या."

एकच अडचण होती. सायकल काकांना लहान होती. माणूस सहा फुटी, फ्रेम मध्यम. गुडघे हँडलला लागतील असं वाटायचं. गुडघा दुखतो म्हणाले तेव्हा ते माझ्याकडे आले. गॅरेज ना मी! आमच्याच बिल्डिंगखाली मी सीटपोस्टचा बोल्ट सैल केला आणि वर खेचला. अजून वर, अजून थोडा वर. सीटपोस्टवर दोन रेघांचं एक निशाण असतं, मिनिमम इन्सर्शन. पोस्ट किमान एवढा तरी फ्रेमच्या आत हवा, असा त्याचा अर्थ. ते निशाण बाहेर आलं. बोटभर वर आलं. काका सॅडलवर बसले, पेडल खाली नेलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आत्ता कशी पाय पसरायला जागा झाली!"

मी बोल्ट आवळला.

महिनाभराने आवाज सुरू झाला. कर्रकर्र. पेडलच्या लयीत, उजवा पाय खाली गेला की एक. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. आणि मग आमची चंगळ झाली. सायकलवाल्यांना दुसऱ्याच्या सायकलचा आवाज म्हणजे लग्नातल्या लोकांना नवऱ्या मुलाचा पगार. प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असतं. सरकार म्हणाला, "काकांना घंटीची गरज नाही, ट्रकवाले आपोआप बाजूला होतात." यूएसए म्हणाला, "काका, ओरिजिनल पार्ट आहे की आमच्याकडचा?" मी म्हणालो, "हा आवाज बंद केला तर मागे वळून न बघता काका आलेत हे कळणार कसं?" काका सर्वांत मोठ्याने हसले. ते स्वतःच मग चढावर आवाजाच्या तालात काहीबाही गुणगुणायला लागले.

बघितलं नाही असं नाही. सायकलच्या फ्रेमची एक खोड आहे. पोकळ नळ्या, त्यामुळे आवाज एकीकडे होतो आणि ऐकू दुसरीकडून येतो. पेडलच्या मधोमध वाटतो आणि निघतो सॅडलच्या बोल्टमधून. म्हणून एकेक गोष्ट वगळत जायचं. मी पेडल काढून ग्रीस लावलं, आवाज तसाच. बॉटम ब्रॅकेट उघडलं, स्वच्छ केलं, तसाच. मग काकांना सांगितलं, उभं राहून चालवून बघा. उभं राहिले की आवाज गायब! बसले की सुरू. म्हणजे सीटपोस्ट किंवा सॅडल. मी पोस्ट काढला, पुसला, ग्रीस लावलं, आणि परत होता तिथेच बसवला. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी कर्रकर्र. मी म्हणालो, "काका, तुम्ही उभे राहूनच चालवा." हशा.

एका रविवारी राइडनंतर काका आमच्याकडे पोह्यांना आले. सायकल वर आणताना जिन्यात ती कर्रकरली. बाबा दारात उभे होते. त्यांनी सॅडलवर हात ठेवून दाबलं, कान जवळ नेला, परत दाबलं.

"हा छर्‍यांचा आवाज नाही. छर्रे असते तर खरखर येते. हे धातूवर धातू घासतंय. पूर्ण उघडून बघितलं का रे?"

"बघितलं बाबा."

"रंग पुसून बघितलं? कुठे रेघ आहे का?"

"बाबा, ही ॲटलास नाही," मी म्हणालो.

सगळे हसले. बाबाही हसले थोडे. मग म्हणाले, "आमच्याकडे आवाज आला की आधी मशीन थांबवायचो. चेष्टा जेवणाच्या सुट्टीत." आणि काकांना पोह्यांवर अजून ओलं खोबरं हवं का विचारायला आत गेले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही सरळगावपर्यंत जाऊन परतत होतो. बीआरएमला पाच आठवडे होते. मुरबाडला मिसळ झाली होती, वाऱ्याची दिशा चांगली होती, मामणोलीच्या आसपास आम्ही एका ओळीत छान तीसच्या वेगात होतो. काका माझ्यापुढे. रस्त्यावर रंबलरच्या त्या पांढऱ्या जाड पट्ट्या आल्या. हुशार माणूस अशा वेळी सॅडलवरून थोडा उठतो. काका दमले होते, बसूनच गेले. धडधडधड, आणि मग 'टक्' असा एक आवाज, कोरडं लाकूड मोडल्यासारखा. सॅडल मागे झुकलं. काका मागे गेले, हँडल सुटलं, सायकल आडवी झाली. ते डाव्या बाजूला पडले. उजवीकडे पडले असते तर मागून दुधाचा टेम्पो येत होता. टेम्पोने ब्रेक मारला तो आमच्यापासून सायकलभर अंतरावर. रबर जळल्याचा तो वास मला अजूनही कधीकधी मुरबाड रोडवर येतो, नसताना.

काका शुद्धीत होते. डावा खांदा खाली लोंबत होता. पहिलं वाक्य म्हणाले, "सायकल बघा रे." एमबीबीएसने त्या दिवशी एकही सल्ला दिला नाही. स्वतःची जर्सी काढून झोळी केली आणि हात बांधला. त्याच टेम्पोवाल्याने काकांना पुढे बसवून कल्याणला नेलं, पैसे घेतले नाहीत. कॉलरबोन दोन जागी मोडलं होतं. प्लेट टाकावी लागली.

सायकल मी घरी आणली. सीटट्यूब, म्हणजे सॅडल ज्या नळीत बसतं ती, वरून चार बोटांवर तुटली होती. तुटलेल्या कडेचा थोडा भाग चकचकीत होता, तो त्या दिवशी तुटलेला. उरलेला जवळजवळ अर्धा काळपट होता. तो आधीपासून चिरलेला. चिरेत धूळ आणि ग्रीस जाऊन बसलं होतं. माझंच ग्रीस.

नंतर मी वेड्यासारखं वाचत बसलो. पोस्ट आत पुरेसा असला तर काकांचं वजन नळीच्या मोठ्या भागावर पसरतं, वरच्या आडव्या नळीच्या जोडाखालपर्यंत. वर खेचला की आत उरतो आखूड तुकडा आणि बाहेर लांब दांडा. पहारीसारखी तरफ. प्रत्येक पेडलला ती नळीच्या त्याच जागी रेटा देते. आणि ॲल्युमिनियम पोलादासारखं नसतं. पोलादावरचा ताण एका मर्यादेखाली असेल तर ते वर्षानुवर्षं सोसतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ते छोटा छोटा ताणही साठवत जातं आणि एक दिवस हिशेब करतं. जिन्याखालच्या ॲटलासने तीस वर्षं आम्हाला कशी सोसली, ते मला तेव्हा कळलं. फ्रेम पुसून, बॅटरी तिरकी धरून बघितली असती तर रंगावर केसाएवढी रेघ दिसली असती. अडीच महिने आवाज सांगत होता. अडीच महिने आम्ही त्याच्यावर विनोद केले. बरे होते विनोद, तेच वाईट आहे.

बाबा तुटलेली नळी हातात घेऊन बराच वेळ बघत होते. 'मी म्हणालो होतो' असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दहा दिवसांनी मी एकटाच काकांकडे गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. ते सांगितलं: "काका, पोस्ट मी मर्यादेच्या वर खेचला होता, त्याने फ्रेम गेली." काका लगेच, "अरे, उंच कर म्हणणारा मीच ना! आणि त्या दुकानदाराने मला लहान फ्रेम गळ्यात मारली त्याचं काय? सोड. आता बघ, प्लेट टाकलीय, म्हणजे आमचीही फ्रेम मेटलची." मला हसू आलं. मी हसलो. काकू समोर बसल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"ते निशाण तुला दिसलं होतं का?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. काका म्हणाले, "अगं..."

"मी त्याला विचारतेय."

"दिसलं होतं काकू," मी म्हणालो. "बोटभर वर होतं. चालून जाईल असं वाटलं."

काकूंनी मान हलवली. पुढे काही बोलल्या नाहीत. निघताना डब्यात लाडू दिले, नेहमीसारखे. तो डबा परत द्यायला जायला मला तीन आठवडे लागले.

आमच्या सकाळी थोड्या बदलल्या. "आज कोणाची?" अजून विचारतो. चेष्टाही होते, ती थांबवता येत नाही, थांबली तर पहाटे पावणेसहाला अंथरुणातून उठायचं कारणच उरणार नाही. पण कुठे कर्र झालं की सरकार हात वर करतो आणि सगळे कडेला थांबतात. मी रंग पुसतो, मोबाइलची बॅटरी तिरकी धरतो. बहुतेक वेळा बाटलीच्या स्टँडचा स्क्रू निघतो. एकदा तर यूएसएच्या खिशातली किल्ली निघाली. वीस मिनिटं गेली, सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या.

काकांची बीआरएम हुकली. पुढच्याही हुकल्या. साठावा वाढदिवस त्यांनी फिजिओथेरपीत काढला. नवी सायकल घ्यायला काकू तयार नव्हत्या आणि आमच्यातल्या कोणाचीही त्यांच्याशी वाद घालायची छाती नव्हती.

मग दिवाळीनंतर बाबांनी जिन्याखालून ॲटलास काढली. मला न विचारता चाचांकडे नेली, नवे टायर टाकले, छर्रे बदलले, ऑइलिंग करून घेतलं, आणि ढकलत काकांच्या बिल्डिंगखाली नेऊन उभी केली. स्टँडवर. काकूंना खाली बोलावून म्हणाले, "वहिनी, ही तुटत नाही. टिटवाळ्यापर्यंत जातील आणि येतील. मी सोबत रिक्षाने जातो हवं तर."

परवाच्या रविवारी आम्ही निघालो. काका मधे, ताठ बसलेले, सहा फुटांना साजेशी उंच काळी सायकल. आम्ही ताशी चौदाने त्यांच्या मागेपुढे. सरकार म्हणाला की आयुष्यात पहिल्यांदा त्याला ग्रुपमध्ये दम लागला नाही. आंबिवलीच्या पुढे गेलो आणि मागून खडखड सुरू झाली. पत्र्याची, बारीक. सरकारचा हात वर गेला. पाचही सायकली कडेला थांबल्या. मी खाली बसून मडगार्डची तार धरली, ती शांत झाली. नट सैल होता. माझ्या पिशवीत ॲलन कीचा अख्खा संच होता, चेनटूल होतं, दहाची नोट होती. साध्या नटाला लागणारा पान्हा नव्हता.

"फोन कर बाबांना," काका म्हणाले आणि कॅरिअर टेकून आरामात उभे राहिले. "तोवर चहा घेऊ."